बेट वाढलं

मुकुंदाने केतकीच्या गळ्यातलं मंगळसूत्र बोटांत धरलं तेव्हा तिला वाटलं, स्वारी आज खुशीत आहे. सकाळचं ऊन पडवीत आलं होतं, चहा झाला होता, कामाला येणारी मालन आत पोळ्या लाटत होती. त्याने वाटी उलटीसुलटी करून पाहिली. जन्मभर पोरांना चित्रकला शिकवलेली ती बोटं अजून स्थिर होती. मग त्याने वर पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "हे कुणाचं आहे?"

"अहो, माझंच."

"हे केतकीचं आहे. परवा मी घातलंय तिच्या गळ्यात." त्याने मंगळसूत्राला एक पीळ दिला. "ती कुठे आहे? काय केलंत तुम्ही तिचं?"

मीच केतकी, असं ती म्हणाली आणि तिथेच चुकलं. त्याने आणखी एक पीळ दिला. मणी घशात रुतले. सत्तरी ओलांडलेल्या, स्वतःच्या शर्टाची बटणं लावता न येणाऱ्या माणसाच्या हातात एवढा जोर कुठून आला, हा विचार करायला तिला सवड नव्हती. तिला श्वास हवा होता. दोरा जुना होता म्हणून ती वाचली. काळे मणी पडवीभर उडाले, आणि मालन हातातल्या लाटण्यासकट धावत आली.

मुकुंद खुर्चीत बसला आणि रडायला लागला. केतकी भिंतीला टेकून खोकत राहिली. मालनने आधी दोघांच्या मधे दुसरी खुर्ची ओढली आणि मग ती गुडघ्यावर बसून मणी वेचायला लागली.

"तुटलं," केतकी म्हणाली.

"वाढलं म्हणावं वहिनी. तुटलं म्हणू नये."

खरंच होतं ते. आपल्याकडे सवाष्णीच्या वस्तू तुटत नाहीत, फुटत नाहीत. बांगडी वाढते, मंगळसूत्र वाढतं. देवापुढचा दिवासुद्धा विझवत नाहीत, वाढवतात. नको ती गोष्ट तोंडून निघू नये म्हणून बायकांनी शब्दच उलटा करून ठेवलाय, आणि सगळ्यांना त्याचा अर्थ कळतो.

एक माणूस सोडून. संध्याकाळी पुण्याहून डॉक्टर निहारचा फोन आला, तेव्हा केतकीने घडलं ते सांगितलं. बोलता बोलता मंगळसूत्र वाढलं म्हणाली. निहार सिंगापुरात लहानाचा मोठा झालेला, मराठी आजीकडून आणि ॲपवरून शिकलेला. व्याकरण चोख, पण शब्दाच्या पोटात काय दडलेलं असतं ते त्याच्या कानावर कधी पडलं नव्हतं. त्याने आदराने विचारलं, "लांब करून घेतलंत का, मॅडम?" आणि मग, आपल्याकडचीही बातमी द्यावी म्हणून, आनंदाने सांगितलं, "आमच्याकडेही चांगलं आहे. सरांचं बेट वाढतंय."

केतकीने फोन ठेवला. नवऱ्याचा राग तिने पाहिला होता, रुसवे काढले होते, पण त्याची भीती तिला कधी वाटली नव्हती. ती आता घरात येऊन बसली आणि हलायचं नाव घेईना.

हे बेट काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, आणि त्यासाठी एका पतंगाकडे जावं लागेल.

केतकी शितोळे भोरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. मोठमोठे प्राणी सोडून तिने आयुष्य वाहिलं ते शिवणीच्या पानात राहणाऱ्या एका पतंगाला. तांदळाच्या कणीएवढा, रुपेरी, डोळ्यांसमोरून उडाला तर धूळ वाटावी असा. शेतकरी असल्या जातीच्या अळीला नागअळी म्हणतात, कारण पानावर तिची वाट नागासारखी वळणं घेत जाते. मादी कोवळ्या पानावर अंडं घालते. अळी त्यातून निघते ती थेट पानाच्या आत. पानाला वर एक कातडी, खाली एक कातडी, मधे हिरवा गर. ही बया त्या मधल्या जागेत आडवी होते आणि समोरचा गर खात पुढे सरकते. वरची कातडी शाबूत. ऊन नको, पाऊस नको, आणि राहत्या घराच्या भिंतीच जेवायला. मुकुंद तिच्यासाठी भिंगाखाली बघून या अळीची चित्रं काढायचा. तो तिला भाडेकरू म्हणायचा. "भाडं देत नाही आणि घर खातो," म्हणायचा.

पंचाईत होते ती हिवाळ्यातल्या अळीची. झाड पानं गाळायला निघतं, पानातलं सत्त्व ओढून घेतं, पान पिवळं पडतं, आणि हिची अजून अर्धी वाढही झालेली नसते. अशा पिवळ्या पानांवर केतकीला एक गंमत दिसली. सगळं पान हळदीसारखं पिवळं, पण अळीच्या भोवती मात्र रुपयाएवढा हिरवा ठिपका. पान गळून मातीत पडलं तरी ठिपका हिरवाच. अळीच्या पोटात एक जिवाणू होता. तो एक द्रव्य तयार करायचा. ते द्रव्य आसपासच्या पेशींना बजावायचं की म्हातारं व्हायचं नाही, आणि उरलेल्या पानातली साखर ठिपक्याकडे ओढून घ्यायचं. केतकीने आपल्या लेखात त्या ठिपक्याला हिरवं बेट म्हटलं.

गोष्ट इथेच राहिली असती तर बरं होतं. पण पुण्यातल्या एका मेंदू-संशोधन केंद्राला त्या द्रव्याचा एक चुलतभाऊ सापडला, जो माणसाच्या मेंदूतल्या पेशींनाही तेच बजावत होता. म्हातारपणी विसरभोळेपणाच्या रोगात मेंदू पिवळ्या पानासारखा जातो. सगळा मेंदू वाचवू म्हटलं तर औषध इतकं लागे की रोगी तापानेच जायचा. एखादा ठिपका मात्र राखता येत होता. औषध देताना मेंदूतल्या ज्या पेशी जाग्या असतील त्यांना ते चिकटे. म्हणजे त्या वेळी माणसाला जी आठवण करून द्याल तीच हिरवी राहणार. निहारने हे केतकीला समजावलं, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. हे सगळं तुमच्या पतंगामुळे, मॅडम, असं तो म्हणाला, आणि पहिल्या काही रोग्यांत सरांचं नाव घातलं.

मुकुंद तेव्हा बाजारातून घरी यायच्या ऐवजी शाळेत जाऊन वर्गात बसायला लागला होता. मूल नव्हतं. दोघांचं मिळून एकच जग होतं, आणि त्यातला एक जण हळूहळू उठून चालला होता. केतकीला त्याच्या मरणाची भीती नव्हती. तो एक दिवस आपल्याकडे बघेल आणि त्याला समोर कुणीच दिसणार नाही, या कल्पनेने तिला दरदरून घाम फुटायचा. म्हणून, कोणती आठवण राखायची, असं निहारने विचारलं तेव्हा तिने क्षणभरही विचार केला नाही. मी, असं ती म्हणाली. आमचं लग्न.

लग्नाची कॅसेट होती. केंद्रातल्या मुलांनी ती धुऊनपुसून स्वच्छ केली. त्यात पंक्तीत बसलेली केतकी होती, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, आणि सगळ्यांनी नाव घे, नाव घे केल्यावर तिने स्वतः जुळवलेला उखाणा होता:

"शिवणीच्या झाडाखाली पिवळ्या पानांचा सडा,
मुकुंदरावांच्या नावाने भरला हिरवा चुडा."

मांडव हसला होता. आत्तेसासूबाईंनी मात्र नाक मुरडलं होतं, लग्नात पानगळ कसली आणतेस म्हणून. निहारने ते ऐकलं आणि एक साधा प्रश्न विचारला. हाच आवाज ऐकवू, की तुम्ही आत्ताच्या आवाजात पुन्हा म्हणता? केतकी त्या पंचविशीतल्या आवाजाकडे कान लावून बसली होती. किती स्वच्छ होता तो. हाच घाला, असं ती म्हणाली. आपला तरुण आवाज कुणाला नको असतो?

पहिला आठवडा दिवाळीसारखा गेला. मुकुंदाला सगळं आठवत होतं. जिलब्यांचा घाणा, चोरलेले बूट, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं बायकोचं नवं नाव. माहेरची कुमुद त्या ताटात केतकी झाली होती. तो उखाणा म्हणून दाखवायचा आणि लाजायचा. केतकी सुखाने रडली. आठवड्याने त्याने तिला विचारलं, "बाई, आमची ही दिसत नाही कुठे?"

बेटाने नवरी राखली होती, आणि नुसती नवरीच. पुढची चाळीस वर्षं पिवळ्या भागात होती, आणि ती भराभर गळत होती.

नुसता विसर पडलेला माणूस बिचारा असतो. मुकुंद बिचारा नव्हता. बेटावर असला की तो तिशीतला, हुशार, बायकोवर जीव टाकणारा नवरा होता, आणि त्याची दोन दिवसांची नवरी घरातून नाहीशी झाली होती. तिच्या जागी एक म्हातारी वावरत होती, तिचं मंगळसूत्र घालून. त्याने कपाटं उघडली, पाण्याच्या टाकीत वाकून पाहिलं, माळ्यावर चढायला निघाला. म्हातारी म्हणायची, मीच ती. यापेक्षा भयंकर उत्तर त्याला कुणी देऊ शकलं नसतं.

मणी पुन्हा ओवून केतकीने मंगळसूत्र गळ्यात घातलं. गळा उघडा ठेवणं तिच्या कल्पनेतही बसत नव्हतं. मालनला मात्र तिने जास्त वेळ थांबायला सांगितलं. तरी एका सकाळी मालन यायच्या आधी मुकुंद स्वयंपाकघराच्या दारात आला आणि गोड हसून म्हणाला, "बाई, जरा आतल्या खोलीतून गव्हाचा डबा काढून देता?" ती आत गेली आणि मागे कडी लागली.

गळा पिळला तेव्हा ती इतकी घाबरली नव्हती. तो झटका होता. हे ठरवून केलेलं होतं.

"ती कुठे आहे ते सांगितल्याशिवाय दार उघडणार नाही," बाहेरून आवाज आला. तो ओरडत नव्हता. "मला घाई नाही."

कोठीच्या खोलीला खिडकी नव्हती. केतकीने हाक मारली, विनवलं, रागावून पाहिलं. तिच्या प्रत्येक शब्दासरशी बाहेरचा माणूस आणखी गार होत होता. मग त्याने विचारलं, की तिला पुरलंय का तुम्ही? आणि पडवीतली पहार ओढत आणल्याचा आवाज झाला. कमरेचा फोन काढताना केतकीच्या हातून तो दोनदा पडला. केंद्रातल्या मुलांनी स्वच्छ केलेला तिचा जुना आवाज त्यात होता. हल्ली फोनला एखादा आवाज दिला की आपण बोलू ते तो त्या आवाजात म्हणतो. पोरंटोरं मास्तरांच्या नकला करायला वापरतात. केतकीने फोन तोंडाशी धरला आणि कुजबुजली.

दारापलीकडे पंचविशीतली नवरी बोलली. "अहो, मी इथे आहे."

पहार खाली पडली.

"केतकी?"

"साडी बदलतेय. कडी काढा आणि पडवीत जाऊन बसा. आत यायचं नाही हं."

मग कडी निघाली आणि पावलं लगबगीने पडवीकडे गेली. लाजलीच होती स्वारी. केतकी गव्हाच्या पिंपाला धरून खाली बसली आणि तिच्या लक्षात आलं की आपण हसतोय.

त्या दिवसापासून ती रोज बोलायला लागली. तो पडवीत बसायचा, ती माजघराच्या बंद दाराआड. दार का बंद, याला कारणं पुष्कळ होती. नवी नवरी, चार माणसांचं घर, लाज. तो पहार विसरला, म्हातारी विसरला. तिच्याशी असं कुणी कधी बोललं नव्हतं, खुद्द मुकुंदसुद्धा नाही. लग्नानंतरची खरी बोलणी भाजी आणि वीजबिलाची असतात. आता तो दारापलीकडून तिला सांगायचा की तुझा चुडा वाजला की मला रेषा सुचतात. ती दुपारची जेवणं टाळून दाराशी बसायला लागली. मालन तिच्याकडे विचित्र नजरेने बघायची, पण बोलायची नाही. घरात आरडाओरडा नव्हता ना, झालं.

मुकुंद मात्र जेवेनासा झाला. ताट तसंच राही. दारापासून हलेना. आधी हातातला चमचा गळला, मग चालताना पाय ओढायला लागला, मग घोट गिळताना ठसका. पोटऱ्या काठीसारख्या झाल्या. डोळे तेवढे चमकायचे.

निहारने पुण्यात बोलावून तपासणी केली आणि पडद्यावर चित्र दाखवलं. काळसर मेंदूत मधोमध एक ठिपका लखलखत होता. तो म्हणाला, बेट दुपटीने वाढलंय, तुम्ही घरी रोज काहीतरी करत असणार. केतकीने बाकीच्या काळ्या भागावर बोट ठेवलं. निहारचा चेहरा उतरला. त्याने खरं ते सांगितलं. बेट आसपासची साखर ओढत होतं. पान तरी कशातून जगणार? माघ संपायच्या आत दुसरा डोस दिला की बेट कितीतरी वर्षं टिकेल, आणि नाही दिला तर उन्हाळ्यापर्यंत विरेल.

"आत्ताचा माझा आवाज घालून दुसरं बेट करता येईल?" तिने विचारलं.

"करायला जागा उरलेली नाही, मॅडम."

"आणि हे बेट टिकलं तर हे टिकतील?"

निहारने पडद्यावरचं चित्र बंद केलं. मग म्हणाला, "बेट टिकेल."

परतीच्या वाटेवर गाडी आपली आपण चालत होती. मुकुंद तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होता. झोपेत तो कुणालाच घाबरत नसे. केतकीने डोसाची तारीख ठरवून टाकली होती.

घरी अंगणातली शिवण निम्मी उघडी झाली होती आणि खाली पिवळ्या पानांचा सडा पडला होता. जुन्या सवयीने तिने एक पान उचललं. मधे हिरवा ठिपका होता. उजेडापुढे धरल्यावर ठिपक्याच्या कडेला अळी दिसली, चपटी, गुबगुबीत, तोंड चालू. बाकीचं पान तिच्या बोटात चुरलं. ठिपका तेवढा गार आणि ओलसर राहिला. तिने हे हजारदा पाहिलं होतं. वर्गात फळ्यावर काढून शिकवलं होतं. अळी जेवण संपवते, कोष करते, पतंग होऊन कातडी फोडून निघून जाते, आणि मग ठिपकाही तपकिरी होतो. बेट पानासाठी नसतंच. ते भाडेकरूसाठी असतं.

मुकुंदासाठी राखलं, असं ती जगाला सांगत होती. रोज दाराआड बसून जेवत कोण होतं? त्याचा घास तसाच पडून असायचा आणि ती पोट भरून उठायची. आपणच ते घर खातोय, हे कळल्यावर तिला स्वतःची जी भीती वाटली तिच्यापुढे पहारीची भीती काहीच नव्हती.

तिने निहारला फोन करून डोस नको म्हणून सांगितलं. तो पुष्कळ बोलला. ती ऐकून घेत राहिली.

पण डोस न देऊन भागणार नव्हतं. बेट विरायला महिने लागणार होते आणि तोवर नवरीशिवाय मुकुंद काय करेल, हे ती कोठीच्या खोलीत बसून शिकली होती. नवरी नाहीशी होऊन चालणार नव्हतं. ती रीतीने जायला हवी होती. नवी नवरी घरातून रीतीने कुठे जाते, हे कुणालाही विचारा.

दुसऱ्या दिवशी ती दाराआड बसली आणि फोन तोंडाशी धरला.

"अहो, ऐकलंत का? दादा मुऱ्हाळी आलाय. मला न्यायला."

"आत्ता? परवाच तर आलीस."

"रीतच आहे ना. माहेरी जाऊन येते."

रीतीपुढे नवा जावई काय बोलणार? "कधी येशील?"

याचं उत्तर तिने ठरवलं नव्हतं. खिडकीतून अंगण दिसत होतं. "शिवणीला पालवी फुटली की," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पण तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही. "घरात एक बाई असतील. त्यांच्या हातचं जेवायचं. त्यांना त्रास द्यायचा नाही."

"ती म्हातारी?" त्याचा आवाज बारीक झाला. "केतकी, मला तिची फार भीती वाटते गं."

दाराच्या अलीकडच्या म्हातारीने डोळे पुसले. "तिला मी घालवून दिलंय. या वेगळ्या आहेत, चांगल्या आहेत."

"मग जाताना नाव घेऊन जा."

तिने उखाणा घेतला. तिच्या ओठांवर तो घोगरा, थकलेला होता, फोनमधून तो कोवळा होऊन निघाला. पिवळ्या पानांचा सडा, हिरवा चुडा. पलीकडे तो हसला. मग तिने फोनमधला तो आवाज पुसून टाकला, विचार करायला वेळ मिळायच्या आत.

आता उरलं मंगळसूत्र. नवरा जिवंत असताना सवाष्ण ते काढत नाही. केतकी प्राणिशास्त्राची प्राध्यापक असली तरी या बाबतीत आईची मुलगी होती. तिने ते काढलं, हातातल्या बांगड्याही उतरवल्या. आरशात बघवलं नाही. मालनने उघडा गळा पाहिला आणि तोंडावर हात ठेवला.

"वाढलं नाही गं," केतकी म्हणाली. "ठेवलंय."

मऊ भाताची वाटी घेऊन ती पडवीत गेली. मुकुंदाने तिच्याकडे पाहिलं, आणि तिचे पाय जागच्या जागी थांबले. त्याच्या डोळ्यांत तो पहारीच्या दिवसाचा शोध होता. नजर आधी गळ्याकडे गेली, मग मनगटांकडे. तिने घाईने मंगळसूत्र त्याच्या तळहातावर ठेवलं. "केतकी ठेवून गेलीय. सांभाळा म्हणाली."

त्याने ते निरखलं, रुमालात घेतलं आणि थरथरत्या बोटांनी गाठ मारायचा प्रयत्न केला. गाठ तिने मारून दिली. त्याने हात ओढून घेतला नाही.

"तुमचं नाव काय?"

चाळीस वर्षांत तिला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. "कुमुद."

त्याने झटकन वर पाहिलं. "केतकीचं माहेरचं नाव कुमुद आहे."

तिने वाटीतला भात पुन्हा कालवला. तो तिच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत राहिला, रेषा तपासणाऱ्या मास्तरासारखा.

"तुम्ही तिच्या माहेरच्या का?"

"हो," ती म्हणाली. "माहेरचीच."

त्याने मान डोलावली आणि घासासाठी तोंड उघडलं.

त्यानंतरचे दिवस तसे सुखाचे म्हणायचे. तो जेवायचा, अंगाला थोडं मांस धरलं. कुमुदताईंना तो केतकीच्या गोष्टी सांगायचा, त्या ऐकायच्या. पण तो बसायचा खिडकीशी, आणि त्याची नजर असायची शिवणीवर. झाड पूर्ण उघडं झालं, पिवळसर फुलं आली, आणि केतकीची झोप उडाली. पालवी फुटली की हा नवरी मागणार. आवाज तिने पुसला होता. रोज उजाडताच ती अंगणात जाऊन फांद्यांचे डोळे तपासायची. कारण नसताना झाडाचं पान न तोडणाऱ्या त्या बाईने एका सकाळी खालच्या फांदीवरचे सगळे कोंब खुडून पदरात लपवले. वरच्या फांद्यांना हात पुरत नव्हता. पहार मालनने केव्हाच शेजारी नेऊन ठेवली होती, तरी कोठीच्या खोलीत जाताना केतकी आधी मागे वळून बघायची.

चैत्रात झाड चार दिवसांत हिरवं झालं. ते लपवायचं कसं?

ती वाटी घेऊन आत आली तेव्हा मुकुंद खिडकीबाहेर टक लावून होता. कोवळ्या पानांतून ऊन त्याच्या तोंडावर आलं होतं. ती दाराशीच थांबली, दार उघडं ठेवून.

"छान झाड आहे," तो म्हणाला. "कसलं हो?"

"शिवण."

"शिवण," त्याने म्हणून पाहिलं, नवा शब्द असल्यासारखं. मांडीवर रुमाल होता. गाठ केव्हातरी सुटली होती. त्याने त्यातली काळ्या मण्यांची माळ उचलली, उजेडात धरली, सोन्याच्या वाट्या फिरवून पाहिल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, शोध नव्हता, काहीच नव्हतं. "हे कुणाचं आहे?"

ती जवळ गेली. मागे तिने हेच उत्तर दिलं होतं आणि गळा आवळला गेला होता.

"माझं," ती म्हणाली.

"मग घ्या की. हरवेल."

तिने मंगळसूत्र घेतलं आणि त्याला सगळा भात भरवला. त्याने तिच्याकडे बघून चांगलं हसून दाखवलं, जसं कुणाकडेही बघून हसावं. मग तिने अंगणात जाऊन निहारला फोन लावला.

"बेट वाढलं," तिने सांगितलं.

"डोस नसताना?" निहार उडालाच. "किती वाढलं, मॅडम?"

"सगळं," केतकी म्हणाली.